मिरगाच्या आधी

पेटीचं झाकण उघडल्यावर डॉक्टर लगेच बाटलीला हात लावत नाहीत. आधी आतला तापमापक काढून बघतात. पाच अंश. मान हलवतात आणि मग बर्फाच्या थैल्यांमधून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक बाटली उचलतात. कागद कशाला, असं विचारल्यावर त्यांच्याबरोबरचे परिचर सांगतात, "बाटली बर्फाला टेकून गोठली की फेकायची. उन्हात तापली तरी फेकायची. दोन ते आठ अंश, त्याच्या खाली नाही न् वर नाही."

बाटलीच्या तळाशी पांढरा साका बसलाय. डॉक्टर ती हलक्या हातानं वरखाली करत राहतात. साका मिसळतो, पाणी सारखं गढूळ होतं. ही घटसर्पाची लस. पुण्यात औंधला सरकारची पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था आहे, तिथं तयार झालेली. घटसर्पाचे जंतू वाढवायचे, मारायचे आणि तुरटीच्या जातीच्या क्षारावर बसवायचे, ही तिची कृती. तो साका म्हणजे हे मेलेले जंतू आणि तो क्षार. हलवायला विसरलं तर पहिल्या दहा जनावरांच्या अंगात नुसतं पाणी जातं आणि शेवटच्या चारांना भलताच डोस बसतो.

सकाळचे साडेसहा वाजलेत. मे महिन्याचा तिसरा आठवडा आहे. राजगडाच्या पायथ्याच्या पालीत, मोकळ्या जागेत, दोन खांब आणि आडव्या वाशांचा खोडा उभा केलाय. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण डॉक्टरांच्या हातातल्या जुन्या वहीवर अजून 'ता. वेल्हे' असंच छापलेलं आहे. जनावरं चरायला सुटायच्या आत काम उरकायचं म्हणून एवढी घाई. दोन मुलं पाठीवर बॅगा लावून येतात आणि पाली दरवाजाची वाट विचारतात. कासरा धरलेले एक आबा हनुवटीनंच वर दाखवतात, "सरळ जावा, पायऱ्या लागतील," आणि बैल पुढं ओढतात.

बैल खोड्यात शिरत नाही. पुढचे पाय रोवून फुरफुरतो. आबा त्याच्या वशिंडावर थाप मारून काहीतरी पुटपुटतात, मागून एक जण शेपटी पिळतो आणि बैल आत. परिचर आडवा वासा सरकवतात. डॉक्टर मानेच्या बाजूची सैल कातडी चिमटीत धरून वर उचलतात, तिच्या खालच्या पोकळीत सुई घालतात आणि पाच मिली लस सोडतात. सुई बाहेर आली की ती जागा तळव्यानं चोळतात. वापरलेली सुई वेगळ्या डब्यात, पुढच्या जनावराला नवी. बैलाचं अंग एकदाच थरथरतं. तेवढ्यात वासा निघालेला असतो.

"झालं एवढंच?" आबा विचारतात.

"माझं झालं," डॉक्टर म्हणतात. "आता बैलाचं सुरू झालं."

ते मला जवळ बोलावतात, माझा हात धरून बैलाच्या खांद्याच्या पुढच्या खळग्यात दाबतात. कातडीखाली एक लांबट, गुळगुळीत गाठ बोटांना लागते आणि निसटते. "ही लसिकाग्रंथी. मानेत टोचलेलं इथं येतं." क्षारामुळे लस टोचल्या जागी धरून राहते, हळूहळू सुटत राहते, आणि तिच्यामुळे तिथं थोडी सूजही येते. सूज आली की शरीरातल्या भक्षक पेशी धावून येतात, मेलेल्या जंतूंचे तुकडे गिळतात आणि या गाठीत आणून दाखवतात. गाठीत वेगवेगळ्या घडणीच्या असंख्य पेशी आधीपासून बसलेल्या असतात. जंतू कधी भेटो न भेटो, त्या जन्मापासून तयार होतच असतात. त्यांतल्या मोजक्याच या तुकड्यांना नेमक्या जुळतात. त्या जुळलेल्या तेवढ्या वाढू लागतात, एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि प्रतिपिंडं बनवू लागतात. ती रक्तात पुरेशी साठायला दोन ते तीन आठवडे लागतात. हे काम बाटलीतलं औषध करत नाही, बैलाचं शरीर करतं.

"आणि आज मे संपत आला," डॉक्टर म्हणतात. "मिरगाला किती दिवस राहिले, मोजा."

जमलेल्यांपैकी कोणाला मोजावं लागत नाही. मृग नक्षत्र सात-आठ जूनला लागतं. आज टोचलेली लस पाऊस पडायच्या सुमारास लागू होणार. पंधरा दिवस उशीर झाला, तर बैल चिखलात उतरेल तेव्हा त्याच्या रक्तात अजून काहीच तयार नसेल.

घटसर्प पावसातच का येतो, याचं उत्तर जनावराच्या घशात आहे. या रोगाचे जंतू कित्येक धडधाकट जनावरांच्या घशात मुक्कामाला असतात आणि तिथं गुपचूप पडून राहतात. उन्हाळाभर वाळका पेंढा खाऊन जनावर खंगलेलं असतं. त्यावर पहिला पाऊस अंगावर पडतो, गोठा ओला होतो, आणि भाताची चिखलणी सुरू झाली की दिवसभर गुडघाभर चिखलात ओढ. शरीर थकलं की जंतू उठतात. ताप चढतो, गळा सुजतो, लाळ गळते, श्वास घरघरतो. सकाळी औताला धरलेला बैल दुसऱ्या दिवशी उठत नाही. म्हशींना तर आणखी झपाट्यानं. उपचार अगदी सुरुवातीला मिळाले तर उपयोग, आणि वेल्ह्यातल्या पावसात ओढ्यापलीकडच्या वाडीवर डॉक्टर पोचेपर्यंत ती सुरुवात टळून गेलेली असते.

या जंतूच्या जमातीला फ्रान्सच्या लुई पाश्चरचं नाव आहे, पाश्चुरेला. १८७९ सालच्या उन्हाळ्यात पाश्चरच्या प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या पटकीचे जंतू बरेच दिवस तसेच पडून राहिले. ते जुने जंतू टोचल्यावर कोंबड्या मेल्या नाहीत, आणि पुढं ताजे, जहाल जंतू टोचले तरीही तगल्या. प्रयोगशाळेत मुद्दाम दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसीची वाट तिथून निघाली. कोंबड्यांच्या पटकीचा तो जंतू आणि म्हशीचा गळा सुजवणारा हा जंतू एकाच जातीचे आहेत, प्रकार तेवढा वेगळा. जंतुशास्त्राच्या इतिहासातलं हे घराणं पालीच्या गोठ्यात असं दरसाल हजेरी लावतं.

"पर ही दरसाल कशाला टोचायची?" खोड्याला रेललेला एक तरुण विचारतो. "एकदा शिकलं म्हंजी झालं की."

डॉक्टर उत्तर द्यायच्या आत आबाच बोलतात. "आरं, गोऱ्हा औताला धरल्यावानी हाय ते. पयल्या खेपंला पंधरा-पंधरा दिस घेतो, जू फेकतो, बसतो खाली. दुसऱ्या वर्साला जू खांद्यावर आलं की त्याला आपसूक आठवतं, चार पावलांत सरळ चालतो. पर चार-पाच वर्सं नुसता उभा ठिवला, तर इसरतो बी."

डॉक्टर हसून सुई भरतात. यापेक्षा सोपं आपल्याला सांगता आलं नसतं, अशी कबुली ते देतात. पहिल्या लशीनंतर गाठीत ज्या पेशी वाढतात, त्यांतल्या काही मागं उरतात आणि ओळख धरून ठेवतात. दुसऱ्यांदा तोच जंतू किंवा तीच लस आली की तीन आठवडे लागत नाहीत, काही दिवसांतच पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून बूस्टर. पण मेलेल्या जंतूची ही ओळख फार टिकत नाही. या तुरटीवरच्या लशीचा जोर चार ते सहा महिने. पावसाळा निघतो, आणि इथं तेवढंच हवं असतं.

रांगेत आता एक तांबडी गाय येते. तिच्या पाठीवर आणि पोटावर जागोजाग गोल, केस न आलेले डाग आहेत, काही रुपयाएवढे, काही त्याहून मोठे. मालकीणबाई हात फिरवून दाखवतात. "लम्पीचं हायेत. मान खाली घालून हुभी असायची नुसती. वाटलं गेली आता."

२०२२ चा तो पावसाळा इथं कोणी विसरलेलं नाही. ४ ऑगस्टला जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात राज्यातला पहिला रुग्ण सापडला आणि पाहता पाहता रोग जिल्ह्यामागून जिल्हे ओलांडत आला. चावणाऱ्या माश्या, डास, गोचीड त्याची ने-आण करतात. जनावरांचे बाजार बंद झाले, शर्यती थांबल्या. राज्यात गाई-बैल सुमारे १ कोटी ४० लाख, आणि या रोगाची स्वतःची लस आपल्याकडं अजून बाजारात नव्हती. होती ती शेळ्यांच्या देवीची. तीच गाईंना टोचायला सुरुवात झाली.

"शेळीचं औषध गाईला देत्यात म्हणून आमच्या ह्यांनी गाय माळ्यामागं नेऊन बांधली हुती," बाई सांगतात. "शेजाऱ्यांच्या टोचल्या. त्यांच्या वाचल्या, आमची पडली."

डॉक्टर गाईच्या मानेवरची जागा चाचपत बोलतात. शेळीची देवी, मेंढीची देवी आणि लम्पी या तिघांचे विषाणू एकाच घराण्यातले, बाहेरून जवळपास एकाच घडणीचे. शेळीच्या देवीच्या दुबळ्या केलेल्या विषाणूवर गाईचं शरीर जी प्रतिपिंडं आणि ज्या मारक पेशी तयार करतं, त्यांना लम्पीचा विषाणूही ओळखता येतो. १७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरनं गाईच्या देवीनं माणसाची देवी रोखली, तीही याच आधारावर. हिसार आणि इज्जतनगरच्या संस्थांनी मिळून लम्पीच्याच विषाणूचीही लस बनवली आणि डिसेंबर २०२२ मध्ये तिचं तंत्र औंधच्या संस्थेकडं आलं.

"हिला यंदा लम्पीची टोचली का?"

"मागल्या म्हयन्यात."

"बरं. मग आज घटसर्प."

दोन्ही एकाच दिवशी का उरकत नाहीत, हे मी विचारतो. एकदा यायचं, दोन सुया मारायच्या, काम संपलं. डॉक्टर मान हलवतात. लम्पीची लस जिवंत विषाणूची असते. टोचल्यावर तो अंगात थोडा वाढतो, गाईला किंचित ताप येतो, आणि शरीर त्या कामात गुंतलेलं असतं. त्यातच दुसरी लस दिली आणि गाय आजारी पडली, तर कशानं पडली हे कळायला मार्ग नाही. वर गावात बोलणं होणार की लस बाधली. म्हणून मधे दोन-तीन आठवडे सोडायचे. त्या लशीचे नखरेही उलटे आहेत. ती कोरड्या भुकटीच्या रूपात येते, गोठली तर हरकत नाही, पण एकदा थंड द्रावणात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते. टोचायच्या जागेला स्पिरिट लावायचं नाही, कारण स्पिरिटनं आतला विषाणूच मेला तर टोचून उपयोग काय? आणि ती गाई-बैलांनाच. म्हशींना लम्पी क्वचित होतो, म्हणून त्यांना वगळतात.

परिचर प्रत्येक जनावराच्या कानातला पिवळा बिल्ला वाचून बारा आकडे वहीत उतरवतात. मोबाइलमध्ये 'भारत पशुधन' उघडलेलं आहे, पण गडाच्या कुशीत रेंज येते आणि जाते, म्हणून आधी कागद, मग मार्गासनीच्या बाजूला गेल्यावर मोबाइल. हा बिल्ला लाळ्या-खुरकुताच्या राष्ट्रीय कार्यक्रमाबरोबर कानात आला. सप्टेंबर २०१९ मध्ये तो कार्यक्रम सुरू झाला आणि तेव्हापासून गाई-म्हशींना वर्षातून दोनदा ती लस मिळते.

"सा-सा महिन्याला तीच टोचायची," मघाचा तरुण पुन्हा म्हणतो. "तोंडं येत्यात, खुरं सडत्यात, त्याला सारकी सुई. मग आमच्या आज्यानं बुळकांडीची एकदाच टोचून घेतली म्हणत्यात, ती कशी पुरली?"

प्रश्न नेमका आहे. बुळकांडीचं नाव निघताच आबांचा चेहरा बदलतो. त्यांनी स्वतः पाहिलेली नाही, वडिलांकडून ऐकलीय. तोंडात फोड, मग दुर्गंधीची हगवण, आणि चार-सहा दिवसांत गोठा रिकामा. "गाव सोडून लोकं जायची म्हणं. बैल न्हाईत तर भात कुठला?"

डॉक्टर दोन बोटं वर करतात. बुळकांडीच्या विषाणूचा प्रकार एकच होता आणि एकदा लस टोचली की जनावर बहुधा जन्मभर सुटायचं. बरं झालेलं जनावर विषाणू अंगात बाळगत नसे. म्हणजे गाठायचं ते एकदाच. देशात १९५४ पासून मोहीम चालली, शेवटची साथ १९९५ मध्ये आली. पुढं लस मुद्दाम बंद केली, कारण लशीशिवायही रोग येत नाही हे जगाला दाखवायचं होतं. २००६ मध्ये भारत त्या रोगातून मुक्त ठरला आणि २०११ मध्ये सगळं जग. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसरा रोग. या मोहिमेची एक मुळी पुण्यातच आहे. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्याच्या सायन्स कॉलेजात सरकारनं जनावरांच्या रोगांसाठी प्रयोगशाळा काढली. चार वर्षांनी ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली, आणि तिथंच पुढं १९२० च्या दशकात शेळ्यांच्या अंगातून विषाणू नेऊन नेऊन दुबळी केलेली बुळकांडीची लस बनली.

लाळ्या-खुरकुताचं गणित वेगळं आहे. आपल्याकडं त्याचे तीन प्रकार फिरतात, ओ, ए आणि एशिया-१. एकाची ओळख दुसऱ्याला चालत नाही, म्हणून लशीत तिन्ही घालावे लागतात. विषाणू रूप बदलत राहतो. बरी झालेली काही जनावरं महिनोन्‌महिने तो घशात बाळगतात. आणि लस मेलेल्या विषाणूची, म्हणून तिची ओळख सहा महिन्यांपुरती. "गावातल्या शंभरातल्या वीस चुकल्या तरी तो त्या विसांत टिकून राहतो," डॉक्टर म्हणतात. "पुढच्या खेपेला परत वाटतो. म्हणून सगळी हवीत, एकाच वेळी हवीत."

तरुण बिल्ल्याकडं बघतो, मग स्वतःच्या बैलाकडं. "आणतो दुसऱ्याला बी," म्हणत घराकडं निघतो. आजवर तो एकच आणायचा, हे सगळ्यांना ठाऊक असावं, कारण दोघं-तिघं हसतात.

आठ वाजत आलेत. ऊन खोड्यावर पोचलंय आणि परिचर पेटी सावलीत सरकवतात. डोंगराच्या अंगाच्या वाडीवरून एक धनगर बाई शेळ्या घेऊन उतरतात. त्यांच्यासाठी दुसरी बाटली, आंत्रविषाराची. पहिल्या पावसानंतर माळावर कोवळं गवत उगवतं, शेळ्या हावऱ्यासारख्या खातात, आणि त्यांच्या आतड्यात आधीपासूनच असलेले जंतू त्या कोवळ्या चाऱ्यावर एकदम फोफावून विष सोडतात. सगळ्यात तगडं, सगळ्यात खादाड करडू संध्याकाळी चांगलं असतं आणि सकाळी मेलेलं सापडतं. ही लस त्या विषावर बेतलेली आहे. विषाचा दाह काढून टाकलेला, रूप तेवढं ठेवलेलं. शेळीचं शरीर जंतूला हात लावत नाही, त्याचं विष रक्तात उतरताच धरून निकामी करतं. पहिल्यांदाच टोचलेल्या करडांना दोन आठवड्यांनी पुन्हा टोचावं लागेल, हे डॉक्टर बाईंना दोनदा सांगतात आणि तिसऱ्यांदा त्यांच्याकडून वदवून घेतात.

बाईंनी पाटीत झाकून कोंबडीची पिल्लंही आणली आहेत. मानमोडीचं औषध हवंय. बाटली शंभर पक्ष्यांची असते, फोडली की तास-दोन तासांत संपवायची, म्हणून बाईंनी आधीच चार घरी सांगून ठेवलंय. पोरं पाट्या घेऊन धावत येतात. परिचर एकेक पिल्लू मुठीत धरतात, मान वळवतात आणि डोळ्यात एकच थेंब सोडतात. पिल्लू डोळा मिटतं, थेंब आत जिरेपर्यंत सोडायचं नाही. सुई न मारता काम होतं, कारण मानमोडीचा विषाणू नाका-डोळ्यांच्या वाटेनंच घुसतो आणि ओळखही त्याच वाटेवर तयार व्हायला हवी.

एक गृहस्थ तीन आठवड्यांचं वासरू खांद्यावर उचलून आणतात. डॉक्टर वासराच्या पाठीवरून हात फिरवतात, पण सुई उचलत नाहीत.

"हिला अजून नाही."

"आवं, पण हाताबरोबर टोचून टाका की."

माणसाच्या बाळाला आईच्या पोटात असतानाच नाळेतून प्रतिपिंडं मिळतात. गाई-म्हशींच्या वारेतून ती पलीकडं जात नाहीत. वासरू जन्मतं ते कोणत्याही रोगाविरुद्ध तयार प्रतिपिंडं न घेता. ती सगळी असतात चिकात, आणि वासराच्या आतड्याच्या भिंतीतून ती जशीच्या तशी रक्तात जाऊ शकतात ती फक्त पहिल्या काही तासांत. चोवीस तासांत ते दार बंद होतं. म्हणून पहिल्या तास-दोन तासांत पाजायला सुरुवात करायची, आणि दिवसभरात वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा चीक पोटात गेला पाहिजे. चिकातून आलेली ही उसनी प्रतिपिंडं वासराला काही महिने सांभाळतात. त्या काळात लस टोचली तर तीच लशीवर तुटून पडतात, वासराच्या स्वतःच्या पेशींना ओळख करून घ्यायला काही उरतच नाही. म्हणून लाळ्या-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, घटसर्पाची सहाव्याच्या पुढं. कालवड आहे म्हणून चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान सांसर्गिक गर्भपाताची, जन्मात एकदाच.

"चीक पाजला होता ना?"

गृहस्थ थोडे घुटमळतात. "वार पडल्यावर पाजला. संध्याकाळ झाली हुती."

"पुढच्या वेळी वारेची वाट बघू नका. वार तिच्या वेळेनं पडते. वासराची वेळ थांबत नाही."

आज गाठता येण्यासारखं यादीत आता एकच नाव उरलंय, आणि ते घर समोरच आहे. म्हैस गोठ्यातच बांधलेली आहे. मावशी उंबऱ्यावर उभ्या आहेत, हात कमरेवर. सातवा महिना चालू आहे आणि त्या म्हशीला हात लावू देणार नाहीत. शेजारच्या वाडीत कुणाची तरी म्हैस लस टोचल्यावर गाभडली, असं त्यांनी ऐकलंय.

डॉक्टर वाद घालत नाहीत. चपला बाहेर काढून गोठ्यात जातात, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ नुसतेच उभे राहतात. "मावशी, तिला मी खोड्यात नेणार नाही. दाव्यानं आवळणार नाही, आडवी पाडणार नाही. गाभण जनावराला धोका असतो तो ओढाताणीचा. यातले जंतू मेलेले आहेत, ते पोटापर्यंत जात नाहीत. दोन दिवस अंग कणकण करेल, दूध देत असती तर चार दिवस थोडं कमी दिलं असतं. टोचल्या जागी गाठ येईल, ती बसते. मी अर्धा तास इथंच बसतो, काही झालंच तर त्याचं इंजेक्शन पेटीत आहे."

मावशी ऐकतात, पण हलत नाहीत.

"आणि पावसात ही व्याली, तर वासराला चिकातून काय मिळेल? हिच्या अंगात असेल तेवढंच. हिला आज टोचली तर चिकात उतरेल. नाही टोचली, तर चीक असेल, पण त्यात घटसर्पाचं काहीच नसेल."

हे त्यांनी याआधी ऐकलेलं नसावं. त्या म्हशीकडं बघतात, मग तिच्या सुटलेल्या पोटाकडं. पुढं होऊन स्वतःच तिची मान कुशीत धरतात. म्हैस शेपटी हलवत रवंथ करत राहते. कातडीची चिमटी, सुई, पाच मिली, तळव्यानं चोळणं. म्हशीनं रवंथ थांबवलेला नाही.

डॉक्टर उंबऱ्यावर टेकतात. परिचर बिल्ला वाचून बारा आकडे लिहितात, पुढं 'गाभण, सातवा' अशी नोंद करतात. घड्याळात पावणेनऊ. सव्वानऊला निघून पुढची वाडी. यादीत तीन जनावरांच्या जागा कोऱ्या आहेत. ती जनावरं पहाटेच गडाच्या घेऱ्यात चरायला गेलीत. डॉक्टर त्या तीन घरांपुढं परवाची तारीख टाकतात आणि ती परिचरांना वाचून दाखवतात.

"ध्यानात ठेवा मावशी," चहाचा कप खाली ठेवत डॉक्टर म्हणतात, "व्याल्यावर पहिल्या दिवसाचा सगळा चीक वासराचा. शेजारी कितीही मागायला आले तरी नाही म्हणायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा खरवस मात्र दवाखान्यात पाठवायचा."

"आधी तुमची लस लागू पडू द्या," मावशी कप उचलत म्हणतात, "मग खरवसाचं बघू."